जेद्दा ते कराची, अंदाजे दोन हजार आठशे ऐंशी

दोन शहरांमधलं हवाई अंतर कसं काढायचं, हे मी एका पत्रकातून शिकलो. चार पानी पत्रक होतं, राखाडी कागदावर छापलेलं, विज्ञानप्रसारासाठी काढलेलं. बाबांच्या डब्याच्या पिशवीतून ते घरी आलं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करत. त्यामुळे आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मागणीपत्रकं, निषेधाची पत्रकं, हुंडाविरोधी, अंधश्रद्धाविरोधी. आई त्यांतली जुनी पत्रकं फडताळात डब्यांखाली अंथरायची, आणि मी डबे उचलून ती वाचायचो. अक्षरओळख शाळेत झाली, पण वाचायची चटक डब्यांखाली लागली.

त्या पत्रकात लिहिलं होतं की, पृथ्वी गोल आहे म्हणून नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. अक्षांश-रेखांश घ्या. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर, कुठेही मोजा. पूर्व-पश्चिम मात्र तसं नाही. विषुववृत्तापासून वर जाल तसे रेखांश एकमेकांच्या जवळ येतात आणि एक अंश लहान होत जातो. तो किती लहान होतो याचा छोटा तक्ता मागच्या पानावर होता. मग दोन बाजू मिळाल्या की कर्ण काढायचा, नववीच्या भूमितीसारखा. ‘हे अंतर अंदाजे असते,’ असं शेवटी छापलं होतं. त्या प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक वाटलं होतं.

या ज्ञानाची गरज पडली ती दादामुळे. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी दादा जेद्द्याला गेला, वेल्डर म्हणून. त्याच सुमारास मी उल्हासनगरला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ताई लग्न होऊन वांगणीला गेली होती. बदलापुरात, कुळगावच्या दोन खोल्यांत आई आणि मी. शेजारच्या दारात काका, बाबांचे धाकटे भाऊ.

दादाचं पहिलं पत्र आलं त्या संध्याकाळी आईनं विचारलं, “जेद्दा किती लांब असेल रे?”

“लांब आहे.”

“ते मला कळतंय. किती?”

दादाचं विमान आधी कराचीला उतरायचं आणि तिथे बदलून मुंबईला यायचं. त्या मार्गाचं तिकीट त्याला सोयीचं पडलं होतं. म्हणून मी आधी जेद्दा ते कराची काढायला बसलो. दोन्ही शहरं आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. शाळेचा नकाशासंग्रह घेतला, रेखांशांतला फरक काढला, अठ्ठावीस अंश. अठ्ठावीस गुणिले एकशे अकरा. अक्षांशांतला फरक साडेतीनच्या आत. कर्ण काढला आणि आईला सांगितलं, “एकतीसशे तीस किलोमीटर.”

आई चुलीजवळ बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी प्रेसवर खिळे जुळवताना चूक लक्षात आली. तक्ता न बघताच मी पूर्व-पश्चिमेलाही एकशे अकरानं गुणलं होतं. त्या पट्ट्यात एक अंश एकशे दोनच किलोमीटरचा. घरी येऊन पुन्हा मांडलं. उत्तर आलं अठ्ठावीसशे ऐंशी.

“आई, अडीचशे किलोमीटर कमी झाले.”

“अडीचशे म्हणजे कुठवर?”

“इथून पुण्याला जाऊन परत.”

आई हसली. “एवढा जवळ आला म्हणायचा. अजून एकदा गणित कर, बघ आणखी थोडा येतोय का.”

तिचा तो विनोद होता. बाबा गेल्यानंतर तिनं केलेले विनोद मला बोटांवर मोजता येतील, म्हणून तो लक्षात राहिला.

प्रेसचे मालक सिंधी होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. फाळणीच्या वेळी पोरवयात ते कराचीहून आगबोटीनं मुंबईला उतरले आणि तिथून उल्हासनगरच्या छावणीत आले. मला ते ‘लीडर’ म्हणत. मी पत्रकं फुकट छापून मागायचो म्हणून. आमच्या प्रेसवर फोन होता आणि दादानं तोच नंबर जेद्द्यात देऊन ठेवला होता.

दादा गेला त्या दिवशी शेठ म्हणाले होते, “क्यों लीडर, भाई का जहाज कितने बजे है?”

मला हसू आलं. “शेठ, जहाज नाही, विमान.”

“अरे साईं, वही तो. जहाज मतलब हवाई जहाज. पानी में चलती है वो आगबोट. मैं बैठ के आया हूँ, मेरे को मत सिखा.”

उल्हासनगरात काम करायचं तर असे शब्द सवयीचे होतात. महिन्याभरात मीही शेठशी बोलताना विमानाला जहाज म्हणू लागलो. घरी मात्र विमान. भाषेची ती अदलाबदल गाडीत अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये कुठेतरी आपोआप व्हायची.

एकदा शेठना माझा गणिताचा कागद दिसला. “क्या हिसाब चल रहा है?”

मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. “कराची से मुंबई कितना?”

मी तिथेच मांडलं. आठशे पंच्याऐंशी. त्यांना पटेना. “ठीक से कर.”

“ठीक आहे शेठ. नागपूरपेक्षा थोडं जास्त.”

“नागपूर?” त्यांनी कागद हातात घेतला. “नागपूर तो मैं साल में दो बार जाता हूँ.” मग तो कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला, देवाच्या फोटोशेजारी. पुढे मी काम करत होतो तोवर तो तिथेच होता.

मी ही सगळी गणितं दादाला पत्रात लिहिली. विमानाचा वेग ताशी साडेआठशे धरला तर जेद्दा ते कराची तीन तास पंचवीस मिनिटं, कराचीत थांबा, पुढे सव्वा तास. दादाचं उत्तर आलं, ‘तुझं गणित बरोबर आहे. कराचीत दोन तास बसवतात. आईला सांग, सकाळी निघालो तर दिवस मावळायच्या आत घरी पोचेन.’ ते वाक्य आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

पुढच्या वर्षी आईचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. उल्हासनगरच्या इस्पितळात आठवडाभर ठेवलं आणि मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते तिला आमच्याआधी कळलं. वैशाखाचे दिवस होते. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, “माझं काही झालं तर मोठ्याला तोंड बघू दे. फार वेळ ठेवू नका म्हणतात, मला माहीत आहे. पण तुला अंतर माहीत आहे. तू सांग त्यांना किती थांबायचं ते.”

“तुला काही होत नाही.”

“सांगशील ना?”

“सांगेन.”

मी शेठच्या फोनवरून दादाच्या कंपनीत निरोप ठेवला. आई सिरीयस, लगेच निघ. रजा मिळते की नाही कळेना. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता आई गेली. ताई आदल्या दिवशीच वांगणीहून आली होती, तिच्या मांडीवर डोकं होतं.

मी जागचा हललो नाही. काकाच स्टेशनजवळच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून प्रेसवर फोन करायला गेले. साडेनऊच्या सुमारास परत आले. ओट्यावर तोवर वीस-पंचवीस माणसं जमली होती.

“शेठ बोलला,” काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “जेद्द्यावरनं त्याच्या दोस्ताचा फोन आलेला. मोठा सकालीच निंगालाय. जहाजात बसलाय.”

“जहाजात?” ओट्यावरचे एक म्हातारे म्हणाले.

“जहाजात बसला, आसंच बोलला. दोन डाव इचारलं मी.”

“मग झालं. गावातले हाजी जेद्द्याला जहाजानंच जातात. मुंबईच्या धक्क्यावरनं. आठ-दहा दिवस पान्यावरच आसतात.”

“इमानाचं तिकीट नसल गावलं,” दुसरं कुणी म्हणालं. “घाईत काय गावतंय?”

“तवर कसं ठेवायचं?” तिसऱ्यानं विचारलं. मग कुणीतरी बांबू आणायला उठलं.

मी दारात उभा होतो. मी हे सगळं ऐकलं. ‘जहाज’ म्हणजे काय ते त्या ओट्यावर एका माणसाला माहीत होतं.

मी गणितही केलं. ते आपोआप झालं. जेद्द्याचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास. फोन नऊच्या आधी आला म्हणजे विमान साडेसात-आठला निघालं. साडेअकराला कराची. दीड वाजता तिथून सुटेल. पावणेतीनला मुंबई. बाहेर पडायला तास. तिथून बदलापूर. सहा. फार तर सव्वासहा. त्या दिवसांत सूर्य सातला मावळतो. उन्हाचा प्रश्न होता, पण आमच्या प्रेसच्या मागेच बर्फाचा कारखाना होता. शेठना नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी टेम्पोत लाद्या घालून पाठवल्या असत्या.

एक वाक्य बोलायचं होतं. काका, शेठ विमानालाच जहाज म्हणतात.

मी ते बोललो नाही. का बोललो नाही, हे लिहायलाच मी बसलो आहे, म्हणून नीट लिहितो. मागच्या महिन्यात मी एक पत्रक स्वतः लिहून स्वतः जुळवलं होतं. मुलीनंही आईबापांना अग्नी द्यावा, मुलगाच हवा ही रूढी मोडावी, असं. त्याच्या पाचशे प्रती स्टेशनवर वाटल्या होत्या. लोकांनी त्यांत भजी बांधून नेली. दादा आला असता तर दादानं अग्नी दिला असता, डोकं भादरलं असतं, दहा दिवस सगळं यथासांग केलं असतं, आणि माझ्या पत्रकाला त्या घरात जागा उरली नसती. दादा पाण्यावर असला तर जागा होती. हे मी शब्दांत ठरवलं नाही. पण त्या दारात उभा असताना मला हे ठाऊक होतं. आई मागे खोलीत होती आणि तिला मी ‘सांगेन’ म्हणालो होतो.

मग मी बोललो, पण दुसरंच. “ताई अग्नी देईल.”

ओटा ढवळून निघाला. “येडा झालास काय?” “मोठा नाय तर तू हायेस ना?” “बायकांनी मसनात जायचं? हे तुज्या कागदात लिवलंय काय?” मी उत्तरं देत गेलो. आईनं ताईलाही नऊ महिनेच पोटात वाढवलं ते विचारत नाही तुम्ही, खांदा द्यायला मात्र पुरुष हवा. माझा आवाज चढला. मला आठवतं, मला चांगलं बोलता येत होतं. मुद्दे एकामागून एक येत होते. वीस मिनिटं मी भांडलो.

शेवटी ताई बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर खांद्यावरून घसरलेला.

“माझं नाव कशाला घेतोस?” ती म्हणाली. “मला विचारलंस?”

“ताई, हा तुझा हक्क आहे.”

“मला आईपाशी बसू दे. तुझं भाषण तिला ऐकू येत असेल तर तिला लाज वाटेल.”

ती आत गेली. लोकांनी माझ्याकडे पाहायचं सोडून तिरडी बांधायला घेतली. मडकं माझ्याच हातात आलं. तीन वाजता उल्हास नदीच्या काठी मी आईला अग्नी दिला. जे मोडायला मी गप्प राहिलो होतो ते मीच केलं, धाकटा मुलगा म्हणून, उघड्या अंगानं, भटजी सांगतील तसं. चिता पेटल्यावर मी घड्याळ पाहिलं. विमान मुंबईला उतरत असावं.

सहाला पाच-दहा मिनिटं होती तेव्हा दादा आला. बायका अंगण धूत होत्या. त्याच्या हातात सुटकेस आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीतलं जाड ब्लँकेट होतं. आईनं थंडीत मागितलेलं. त्यानं अंगणातले ओले धोंडे पाहिले, माझ्या अंगावरचा पंचा पाहिला आणि विचारलं, “कुठे आहे?”

बायकांनी घागरी खाली ठेवल्या.

काका पुढे झाले. “आरं पोरा, तू जहाजानं येतोस ना?”

“कसल्या जहाजानं?” दादा म्हणाला. “विमानानं आलो मी. किती वाजता नेलं?”

“तीनला अग्नी दिला.”

“तीनला मी मुंबईत होतो.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दादानंही पाहिलं. म्हणाला, “तुला अंतर ठाऊक होतं ना?”

मी म्हणालो, “शेठनी जहाज सांगितलं, असं काका येऊन म्हणाले.”

वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पत्रकं लिहिणाऱ्याला एवढं जमतं.

दादानं ब्लँकेट ओट्यावर ठेवलं आणि तो एकटा नदीकडे गेला. परत आला तो काकांशी बोलला नाही. दहा दिवस राहिला, सगळे विधी केले आणि गेला. जाताना काकांच्या दारावरून जायचं टाळण्यासाठी मागच्या बाजूनं, सांडपाण्याच्या चिखलातून गेला. त्यानंतर तीनदा येऊन गेला. काकांच्या ओट्यावर त्यानं पाय ठेवलेला नाही.

गावानं काकांना नाव ठेवलं. जहाज. “जहाज आलं बघा बाजाराला.” “काय जहाज, आज कुनीकडं?” लग्नात जेवायला बसले की वाढणारे विचारायचे, “जहाजाला आमटी किती?” काका आधी चिडायचे. मग हसल्यासारखं करायचे. मग लग्नांना जायचं त्यांनी कमी केलं. एवढ्या काळात मी कामगारांच्या बाजूनं लिहिलं, बारवी धरणाकडच्या पाड्यांवर पाणी नाही म्हणून लिहिलं, अफवा पसरवणाऱ्यांविरुद्ध लिहिलं. अफवेच्या पत्रकात एक ओळ होती, ‘जो जाणतो आणि गप्प बसतो तोही दोषी.’ ती मी स्वतः जुळवली, एकेक खिळा उचलून. खिळे उलटे वाचायची सवय असते, अर्थ लागत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

शेठना मात्र कळलं होतं. तेराव्यानंतर मी कामावर गेलो तेव्हा ते म्हणाले, “लीडर, तेरे चाचा को मैंने जहाज बोला था. वो समझे नहीं क्या?”

“नहीं समझे.”

“तू तो समझता है.”

मी खिळ्यांची पेटी ओढली. त्या दिवसापासून त्यांनी मला लीडर म्हणायचं सोडलं. नावानं हाक मारायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी काकांना सांगितलं. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मला माहीत होतं, त्या सकाळी दारात उभा होतो तेव्हाच माहीत होतं, आणि का गप्प बसलो तेही. त्यांनी अडकित्ता थांबवला नाही.

“मग आता काय,” ते म्हणाले, “पत्रक काढतोस काय?”

“काका, मी—”

“मना कनाला सांगतोस? मी काय केलं ते मना म्हाईत हाय. मी जे ऐकलं ते येऊन बोललो.” त्यांनी सुपारीचा चुरा तळहातावर घेतला. “त्याला सांग. तो माज्या दारावरनं जात नाय. मागनं जातो, चिखलातनं. पंधरा पावलं हायेत ही. मोज एकदा. तुला लय मोजता येतं.”

मी मोजली नाहीत. घरी येऊन दादाला पत्र लिहायला बसलो. पहिल्या खेपेला पत्र पत्रकासारखं झालं. रूढी, समाज, त्या काळची माझी मानसिकता. ते फाडलं. दुसऱ्या खेपेला सहा ओळी लिहिल्या. काकांची चूक नव्हती. शेठ विमानाला जहाज म्हणतात हे मला माहीत होतं. तू सहा वाजता येशील हे मी काढलं होतं. आईनं मला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. काकांना भेट.

जेद्द्याला पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात, उत्तर यायला तेवढेच. ते दिवस कधीच उलटले. एवढ्यात दादाचं एक पत्र आलं, ताईच्या नावानं, वांगणीच्या पत्त्यावर. दिवाळीला येणार आहे म्हणून. त्यात माझा उल्लेख नाही. ताईनं ते मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना ती उठून आत गेली.

तो कुठल्या बाजूनं येईल ते मला माहीत नाही. काकांनी मागची वाट बंद करायचं ठरवलं होतं, शेणाचा खड्डा तिथे हलवणार होते. काल पाहिलं तर खड्डा जागच्या जागीच आहे. ती मागची वाट त्यांनी झाडून ठेवली आहे.